केळ्यांच्या बोटीतून आलेले पाहुणे : जमैकातील हिवाळी सहलीचा इतिहास

कॅरिबियन समुद्रातील एखाद्या बेटावर आठवडाभराची सहल आखताना प्रवासी चार प्रश्नांची उत्तरे शोधतो : कधी जावे, कुठे उतरावे, किती दिवस राहावे आणि कोणत्या हॉटेलात राहावे. ही उत्तरे आज इतकी ठरून गेलेली आहेत की ती हवामानाने आणि भूगोलानेच दिलेली असावीत असे वाटते. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंतचा हंगाम, उत्तर किनाऱ्यावरचा विमानतळ, सात रात्रींचे पॅकेज आणि जेवणखाणासकट सर्व खर्च आगाऊ भरून घेणारे किनाऱ्यावरचे हॉटेल, हा जमैकाच्या सहलीचा रूढ आराखडा आहे. मात्र बेटाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे यातील प्रत्येक बाब कोणीतरी, कोणत्या तरी हितासाठी घडवलेली होती, आणि ती घडवताना बेटावरच्या सामान्य माणसाला क्वचितच विचारले गेले, हे स्पष्ट होते.

क्यूबा आणि हिस्पॅनिओला यांच्यानंतर जमैका हे कॅरिबियनमधील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २३५ किलोमीटर असलेल्या या बेटाच्या पूर्व भागात ब्लू माउंटन्स ही डोंगररांग असून तिचे सर्वोच्च शिखर २,२५६ मीटर उंच आहे. १४९४ मध्ये कोलंबस येथे पोचला आणि बेट स्पेनच्या ताब्यात गेले. १६५५ मध्ये इंग्रजांनी ते जिंकून घेतले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तेथे उसाचे मळे उभे केले. १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली व १८३८ मध्ये मुक्ती पूर्ण झाली, तेव्हा साखरेच्या व्यवसायाला उतरती कळा लागलेली होती आणि मळेवाल्यांना मजूर व सरकारला महसूल मिळेनासा झाला होता. पुढे पर्यटनाकडे आशेने पाहिले गेले त्यामागे ही आर्थिक चणचण होती.

त्या काळापर्यंत वेस्ट इंडिजला सहलीसाठी जाणे ही कल्पनाच रुजलेली नव्हती. युरोपीय माणसाच्या लेखी ही बेटे म्हणजे पिवळ्या तापाचे, अर्थात यकृतावर घाला घालून अंग पिवळे पाडणाऱ्या जीवघेण्या साथीचे घर होते. तरीही उबदार हवेसाठी काही रुग्ण तिकडे जात. क्षयाने आजारी असलेला सावत्र भाऊ लॉरेन्स याच्याबरोबर जॉर्ज वॉशिंग्टन १७५१ मध्ये बार्बाडोसला गेला होता, आणि अमेरिकेच्या या भावी राष्ट्राध्यक्षाचा तो आयुष्यातील एकमेव परदेशप्रवास ठरला. त्या मुक्कामात त्याला स्वतःलाच देवी आल्या. तो बरा झाला, परंतु लॉरेन्सला हवापालटाचा उपयोग झाला नाही व पुढच्याच वर्षी तो वारला. अशा प्रवासाचा मुक्काम दिवसांत नव्हे, महिन्यांत मोजला जाई, कारण शिडाच्या जहाजाचा प्रवासच काही आठवड्यांचा असे आणि परतीचे जहाज कधी मिळेल याची शाश्वती नसे.

१८४२ मध्ये रॉयल मेल कंपनीच्या आगबोटी ब्रिटनहून वेस्ट इंडिजला ठरलेल्या तारखांना टपाल नेऊ लागल्या, तेव्हा या प्रवासाला प्रथमच वेळापत्रक लाभले. जमैकात उतरलेले प्रवासी त्या काळी लॉजिंग हाउसमध्ये, म्हणजे घरगुती खानावळवजा निवासगृहात, राहत. ही घरे बहुतांशी मिश्रवंशीय स्त्रिया चालवीत, आणि अनेकदा खाटेबरोबर शुश्रूषेचीही सोय तेथे असे. पुढे क्रिमियन युद्धातील सेवेमुळे नावारूपाला आलेली मेरी सीकोल हिच्या आईचे असेच एक घर किंग्स्टनमध्ये होते. आईकडून जडीबुटीचे ज्ञान घेतलेल्या सीकोलने १८५३ च्या पिवळ्या तापाच्या साथीत रुग्णांची सेवा केली. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्याच्या कामासाठी १८५८-५९ मध्ये या प्रदेशात आला असताना किंग्स्टनमध्ये सीकोलच्या बहिणीकडेच उतरला होता. बेटावर सुरण-कोनफळाच्या जातीचे कंद, केळी आणि भाज्या विपुल असतानाही प्रतिष्ठित मंडळी पाहुण्यांपुढे विलायती बटाटे, चीज आणि गोमांस ठेवण्यात धन्यता मानतात, हे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. पाहुण्याला त्याच्याच देशाचे अन्न वाढण्याची ही सवय पुढच्या काळातील हॉटेलांनीही उचलली.

सहलीला खरे वळण दिले ते केळ्यांच्या व्यापाराने. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वेलफ्लीट या बंदरगावचा कप्तान लॉरेन्झो डाउ बेकर याने १८७० च्या सुमारास आपल्या शिडाच्या जहाजातून जमैकाची हिरवी केळी न्यूयॉर्कजवळच्या बाजारात नेली व चांगल्या नफ्याने विकली. तेथून सुरू झालेल्या व्यवहारातून १८८५ मध्ये बोस्टन फ्रूट कंपनी आणि १८९९ मध्ये, मध्य अमेरिकेतील केळीबागांशी विलीनीकरण होऊन, युनायटेड फ्रूट कंपनी ही बलाढ्य संस्था उभी राहिली. जाड सालीची आणि घडात दाटीने बसलेली ग्रो मिशेल ही जात लांबच्या प्रवासात सहसा खरचटत नसे, म्हणून सारा व्यापार तिच्यावरच चाले. उसासाठी मोठा मळा व गाळपाची यंत्रे लागत. केळीला मात्र डोंगरउतारावरचा लहानसा तुकडाही पुरे होई, त्यामुळे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कुटुंबांच्या हाती प्रथमच रोख पैसा येऊ लागला. परंतु खरेदीदार एकच बलाढ्य कंपनी असल्याने भाव ठरवण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे कधीच आला नाही.

या व्यापाराची रीत पाहिल्यास सहलीचे वेळापत्रक कुठून आले ते कळते. केळी झाडावर पिकू देऊन चालत नसे. बोट येणार अशी वर्दी मिळाली की घड हिरवेच कापून, पेंढा-पाचोळ्यात गुंडाळून, गाढवावर किंवा गाडीत घालून धक्क्यावर आणावे लागत. धक्क्यावर प्रत्येक घडाच्या फण्या मोजल्या जात. नऊ किंवा अधिक फण्यांचा घड पूर्ण धरला जाई, एकेक फणी कमी होईल तसा भाव झपाट्याने उतरे, आणि मार लागलेला घड सरळ बाजूला काढला जाई. मग हमाल, ज्यांत स्त्रियांची संख्या मोठी असे, तो घड डोक्यावर घेऊन रांगेने बोटीवर चढत. बोट येईल तेव्हा काम सुरू होई आणि बऱ्याचदा ते रात्रभर चाले. माल पिकण्याआधी बोस्टन किंवा फिलाडेल्फिया गाठायचे असल्याने बोटीला रेंगाळण्याची मुभा नसे. अशा वेगवान आणि वेळ पाळणाऱ्या आगबोटी जमैकाकडे येताना बव्हंशी रिकाम्या येत. त्या रिकाम्या फेरीत प्रवासी भरावेत हा बेकरचा हिशेब होता, आणि आधुनिक कॅरिबियन सहलीचा पाया या हिशेबावरच घातला गेला.

ईशान्य किनाऱ्यावरील पोर्ट अँटोनियो हे केळ्यांचे मुख्य बंदर होते. म्हणून उतरण्याचे ठिकाणही तेच ठरले. दोन खाड्यांच्या मधोमध समुद्रात शिरलेल्या टिचफील्डच्या टेकडीवर बेकरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत टिचफील्ड हॉटेल उभारले. बोट कंपनीची, धक्का कंपनीचा आणि हॉटेलही कंपनीच्या माणसाचे, अशी ही साखळी होती. बोस्टनमध्ये तिकीट काढलेला प्रवासी सुमारे पाच दिवसांच्या समुद्रप्रवासानंतर तिच्या कक्षेबाहेर न जाताही बेट पाहून परत जाऊ शकत असे. मुक्कामाची लांबी बोटींच्या फेऱ्यांवरून ठरे : पुढची बोट गाठायची, नाहीतर त्यानंतरच्या बोटीपर्यंत थांबायचे. पुढे युनायटेड फ्रूटने शीतकरणाची सोय असलेल्या बोटी आणल्या आणि उन्हाची उष्णता परतवून लावण्यासाठी त्यांना पांढरा रंग दिला. जाहिरातींतून ‘ग्रेट व्हाइट फ्लीट’ म्हणून या ताफ्याचा बोलबाला झाला, आणि माल थंड राखण्यासाठी दिलेला रंग प्रवाशांच्या नजरेत ऐषआरामाचे चिन्ह बनला.

त्याच समुद्रावरून आणखी एका प्रकारचे प्रवासी जमैकात येत होते, आणि त्यांचा उल्लेख टाळून हा इतिहास पुरा होऊ शकत नाही. १० मे १८४५ रोजी ‘ब्लंडेल हंटर’ हे जहाज हिंदुस्थानातून मजुरांची पहिली तुकडी घेऊन ओल्ड हार्बर बे येथे पोचले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० हिंदी स्त्री-पुरुष गिरमिटाखाली, म्हणजे ठरावीक वर्षे ठरावीक मळ्यावर राबण्याच्या कराराखाली, तेथे नेले गेले. त्यांतील बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतील होते व कलकत्त्याहून जहाजावर चढत. आफ्रिकेला वळसा घालून जाणारा शिडाच्या जहाजाचा प्रवास तीन महिन्यांहून अधिक काळ चाले. परवान्यावाचून मळा सोडून जाणे हा गुन्हा होता, आणि करार संपला तरी परतीच्या प्रवासाचा हक्क मिळायला बेटावर एकूण दहा वर्षे काढावी लागत. उसाच्या मळ्यांवर आणलेले हे मजूर पुढे केळीच्या बागांतही राबले. ज्या घडांमुळे बोस्टनचा पाहुणा पाच दिवसांत येऊन पंधरवड्यात परतू शकत होता, ते घड वाढवणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःच्या गावी परतण्याचा दिवस कधी ठरवताच आला नाही. बहुसंख्य लोक तिथेच राहिले आणि जमैकाचे झाले.

वसाहतीचे सरकारही या काळात सहलीच्या धंद्यात उतरले होते. गव्हर्नर हेन्री ब्लेक याच्या कारकिर्दीत १८९० मध्ये हॉटेलांचा कायदा झाला. त्यानुसार हॉटेल बांधणाऱ्या कंपन्यांच्या भांडवलाला व त्यावरील ३ टक्के व्याजाला सरकारने हमी दिली. हमी याचा अर्थ असा, की धंदा बुडाला तरी गुंतवणूकदाराचा पैसा सुरक्षित राहावा आणि तूट करदात्याने सोसावी. या आधारावर किंग्स्टनमधील मर्टल बँक, शहराबाहेरचे कॉन्स्टंट स्प्रिंग, स्पॅनिश टाउनचे रिओ कोब्रे ही हॉटेले उभी राहिली. निमित्त होते किंग्स्टनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचे. पुढे पाचवा जॉर्ज म्हणून गादीवर आलेल्या राजपुत्र जॉर्जच्या हस्ते २७ जानेवारी १८९१ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि तीन लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. ही गर्दी मुख्यतः बेटावरच्याच लोकांची होती. परदेशी पाहुणे अपेक्षेइतके आले नाहीत, प्रदर्शन तोट्यात गेले आणि काही हॉटेलांचे ओझे अखेर सरकारवरच पडले.

पाहुणे न येण्याचे सर्वांत मोठे कारण रोगाची भीती हे होते. पिवळा ताप एका जातीच्या डासामुळे पसरतो असे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले याने १८८१ मध्येच मांडले होते; १९०० मध्ये वॉल्टर रीड याच्या नेतृत्वाखालील अमेरिकी लष्करी मंडळाने हवानात प्रयोग करून ते सिद्ध केले आणि डासांच्या निर्मूलनाने हवाना तापमुक्त झाले. त्यानंतर उष्ण कटिबंधाची प्रतिमा पालटली. न्यूयॉर्क आणि लंडनचे डॉक्टर खोकल्याच्या व थकव्याच्या रुग्णांना हिवाळ्यात तिकडे पाठवू लागले, आणि ‘हंगाम’ या शब्दाला जमैकात नवा अर्थ आला. हा हंगाम बेटावरच्या पिकांचा किंवा सणांचा नव्हता. उत्तरेत बर्फ पडू लागले की तो सुरू होई आणि तिकडे वसंत आला की संपे.

ब्रिटननेही केळे आणि पाहुणा यांची जोडी उचलली. सर अल्फ्रेड जोन्स याच्या कंपनीने १९०१ मध्ये ब्रिस्टलजवळच्या एव्हनमाउथ बंदरापासून किंग्स्टनपर्यंत टपालबोटींची सेवा सुरू केली. त्यासाठी वर्षाला ४०,००० पौंडांचे अनुदान मिळे व त्याचा अर्धा भार जमैकाच्या तिजोरीवर होता. दर फेरीला २०,००० घड केळी नेण्याची अट करारातच होती. जोन्सने मर्टल बँक आणि कॉन्स्टंट स्प्रिंग ही हॉटेलेही चालवायला घेतली, म्हणजे पोर्ट अँटोनियोतील अमेरिकी साखळीसारखीच ब्रिटिश साखळी किंग्स्टनमध्ये तयार झाली.

या उमेदीच्या काळात दोन मोठे आघात झाले. खास सहलीसाठीच बांधलेले जगातील पहिले जहाज मानले जाणारे ‘प्रिन्झेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हे जर्मन जहाज १६ डिसेंबर १९०६ च्या रात्री किंग्स्टनच्या बंदरात शिरत असताना कप्तानाने एका दीपगृहाला दुसरे समजल्यामुळे खडकावर चढले. प्रवासी सुखरूप किनाऱ्यावर पोचले, परंतु कप्तानाने आपल्या खोलीत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. महिनाही पुरा झाला नव्हता तोच १४ जानेवारी १९०७ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास भूकंपाने आणि पाठोपाठ लागलेल्या आगीने किंग्स्टन उद्ध्वस्त झाले. मृतांची संख्या ८०० ते १,००० च्या घरात होती. मर्टल बँक हॉटेल कोसळले, आणि खुद्द अल्फ्रेड जोन्स त्या वेळी आपल्या पाहुण्यांसह शहरात होता. शहर व हॉटेल दोन्ही पुन्हा बांधली गेली, पण ब्रिटिश टपालबोटींचा करार १९११ मध्ये संपुष्टात आला.

दोन महायुद्धांच्या दरम्यान पाहुण्यांच्या आवडीनिवडी बदलल्या. आरंभीचे प्रवासी उन्हापासून दूर राहत. डोंगरातील गारवा, धबधबे आणि घोडागाडीतील फेरफटका यांसाठी ते येत. १९२० नंतर मात्र उन्हात पहुडून त्वचा तांबूस करणे पाश्चात्त्य समाजात प्रतिष्ठेचे झाले आणि डोंगराची जागा समुद्रकिनाऱ्याने घेतली. वायव्येकडील माँटेगो बे येथे डॉक्टर अलेक्झांडर मॅकॅटी याने १९०६ मध्ये आपली किनाऱ्यावरची जागा स्नानमंडळाला दिली होती. गुहेतून वाट असलेला हा ‘डॉक्टर्स केव्ह’ किनारा, तेथील पाणी आरोग्यदायी असल्याचा निर्वाळा इंग्रज अस्थिचिकित्सक सर हर्बर्ट बार्कर याने दिल्यावर, विशेष नावाजला. १९३२ च्या चक्रीवादळात ती गुहा ढासळली. किनाऱ्याची ख्याती मात्र वाढतच गेली.

विमानाने उतरण्याचे ठिकाणही बदलले. पॅन अमेरिकन कंपनीची पाण्यावर उतरणारी विमाने १९३० मध्ये किंग्स्टनला येऊ लागली आणि १९४७ मध्ये माँटेगो बेचा विमानतळ सुरू झाला. इकडे ग्रो मिशेल केळीला पनामा रोगाने, म्हणजे मातीतून मुळांत शिरून झाड वाळवणाऱ्या बुरशीने, ग्रासले. केळी गेली, बोटी गेल्या, विमानतळ दुसऱ्या टोकाला झाला, आणि सहलीचे जन्मस्थान असलेले पोर्ट अँटोनियो मागे पडले. आज प्रवासी पश्चिमेकडे उतरतो तो या घटनाक्रमामुळे. निसर्गसौंदर्यात पूर्व किनारा तसूभरही उणा नाही.

बेटावरच्या माणसाला या सहलीत कोणते स्थान होते हे एका घटनेतून उघड होते. जमैकाची प्रचंड बहुसंख्या आफ्रिकी वंशाची असूनही मोठ्या हॉटेलांत त्यांनी पाहुणे म्हणून येऊ नये असा अलिखित दंडक होता. १९४८ मध्ये एव्हन ब्लेक या कृष्णवर्णीय पत्रकाराने मर्टल बँक हॉटेलात शिरून तेथील पोहण्याच्या तलावात उडी घेतली. गोरे पाहुणे भराभर पाण्याबाहेर पडले. ब्लेक मात्र पाण्यातच राहिला आणि कोणाला बोलवायचे असेल त्याला बोलवा असे त्याने व्यवस्थापकांना बजावले. स्वतःच्या देशातील पाण्यात उतरण्यासाठी एका नागरिकाला असे धाडस करावे लागले, हे त्या व्यवस्थेचे स्वरूप कळायला पुरेसे आहे. १९५६ च्या समुद्रकिनारा नियंत्रण कायद्याने भरती-ओहोटीच्या पट्ट्यावरील हक्क राजसत्तेकडे घेतले, किनाऱ्याच्या व्यापारी वापरासाठी परवान्याची पद्धत आणली आणि सर्वसामान्यांचा स्नानाचा सरसकट हक्क मात्र मान्य केला नाही. परिणामी हॉटेलांना परवाने मिळत गेले आणि गावकऱ्यांच्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटा आखूड होत गेल्या. ६ ऑगस्ट १९६२ रोजी देश स्वतंत्र झाला, तरी हा कायदा तसाच राहिला व त्यावरचा वाद आजही चालू आहे.

मुक्कामाचे आजचे रूप अखेरच्या टप्प्यात घडले. बेथलेहेमहून आलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबातील उद्योजक एब इसा याने १९४९ मध्ये ओचो रिओसजवळ टॉवर आयल हॉटेल काढले आणि ते बाराही महिने चालू ठेवून हंगामाच्या जुन्या चौकटीला छेद दिला. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या जमैका टुरिस्ट बोर्डाचा तो पहिला अध्यक्ष होता. १९७० च्या दशकात राजकीय हिंसाचार वाढला, १९७६ मध्ये आणीबाणी पुकारली गेली, पाहुणे रोडावले आणि बंद पडू लागलेली हॉटेले सरकारला ताब्यात घ्यावी लागली. याच काळात ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ पद्धत, म्हणजे राहणे, जेवण, मद्य, खेळ या साऱ्याचे पैसे एकरकमी आगाऊ घेण्याची रीत, जमैकात मूळ धरू लागली. १९७६ मध्ये नेग्रिल बीच व्हिलेज, १९७८ मध्ये टॉवर आयलच्याच जागी जोडप्यांसाठी ‘कपल्स’ आणि १९८१ मध्ये गॉर्डन स्ट्युअर्ट याचे माँटेगो बेमधील ‘सँडल्स’ अशी ही मालिका आहे. घाबरलेल्या पाहुण्याला कुंपणाआड निर्धास्त ठेवण्याची ही युक्ती संकटकाळी उपयोगी पडली, हे मान्य केले पाहिजे. या उद्योजकांपैकी इसा व स्ट्युअर्ट हे जमैकाचेच होते, आणि हजारो कुटुंबांची चूल त्यांच्या हॉटेलांवर पेटली. मात्र पाहुणा फाटकाबाहेर पडेनासा झाल्यावर बाहेरचा खाणावळवाला, टॅक्सीवाला आणि फळे विकणारी बाई यांचा वाटा कमी झाला, आणि खर्चातील मोठा भाग विमान कंपन्या, परदेशी दलाल व आयात केलेले अन्न यांवाटे बेटाबाहेर जाऊ लागला. अर्थशास्त्रात यालाच उत्पन्नाची गळती म्हणतात.

या इतिहासाला दुसरा प्रवाहही आहे. लॉजिंग हाउस चालवणाऱ्या स्त्रियांच्या घरी पाहुणा आणि यजमान एका छपराखाली राहत व पाहुण्याने दिलेला पैसा त्या घरातच राही. टुरिस्ट बोर्डाने १९६८ मध्ये परदेशी पाहुण्यांची जमैकन कुटुंबांशी गाठ घालून देणारा ‘मीट द पीपल’ हा उपक्रम सुरू केला, तो याच प्रवाहातला होय. म्हणून कॅरिबियन सहल आखणाऱ्याने तारखा आणि भाव यांबरोबर आणखी काही गोष्टी विचारल्या पाहिजेत : हॉटेलाचा मालक कोण, ताटातले अन्न कुठले, आणि समोरच्या किनाऱ्यावर गावातल्या मुलांना पोहता येते की नाही. केळ्यांच्या बोटीने, वसाहतीच्या हमीने आणि कुंपणाच्या हॉटेलाने दिलेली उत्तरे माणसांनीच दिलेली होती, त्यामुळे ती माणसांनाच बदलताही येतील. आणि ती बदलताना पहिला शब्द बेटावर राहणाऱ्यांचा असणे हीच या दीड शतकाच्या अन्यायाची खरी भरपाई ठरेल.